पिकअपचे टायर बदलताना : ‘ऑल-सीझन’चा शिक्का, एच/टी की ए/टी?

कासारवडवलीकर

आमच्या इसुझू व्ही-क्रॉसचे चारही टायर बदलायला आले आहेत. आकार २५५/६० आर १८, म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६० टक्के आणि रिम १८ इंची. नक्षीची खोली तीन मिलिमीटरच्या आसपास उरली आहे. चारचाकीसाठी कायद्याने घालून दिलेली मर्यादा १.६ मिलिमीटरची असली, तरी या टायरांवर पुढचा पावसाळा काढण्याची माझी तयारी नाही. आठवड्याचे दिवस गाडी घोडबंदर रस्त्यावरून आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने महापेपर्यंत धावते, तेव्हा मागचा हौदा बहुधा रिकामा असतो. अधूनमधून मुरबाडजवळच्या शेतावर जाणे होते, तेव्हा मागे खताची पोती असतात.

दुकानांत विचारले की ‘ऑल-सीझन घ्या, बारा महिने चिंता नाही’ हे उत्तर ठरलेले. मला हा सल्ला पटत नाही, आणि का पटत नाही ते मांडतो, म्हणजे कोणाला ते खोडून काढायचे असल्यास सोपे जाईल.

हा प्रकार जन्माला आला तो उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे टायर वेगवेगळे ठेवावे लागतात अशा देशांत. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि पकड सुटते. म्हणून रबराचे मिश्रण थोडे बदलायचे, नक्षीत बारीक चिरा वाढवायच्या आणि एकाच टायरवर वर्ष काढायचे, अशी ती तडजोड आहे. टायरवरचे ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, हे चिन्ह तर मुख्यतः नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच देते. तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असेल, तरच तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीतून गेलेला असतो. ठाण्यात ७ अंशांची पहाट मी तरी पाहिलेली नाही. मग ज्या थंडीसाठी ही तडजोड केली, ती थंडीच नसताना तिचे पैसे आपण का मोजायचे?

आपल्याला हवे ते वेगळे आहे. जुलैत रस्त्यावर साचलेले पाणी ६०-७० च्या वेगाला झटपट बाहेर फेकणाऱ्या रुंद उभ्या खाचा, मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर टिकणारे रबर आणि मूळ टायरपेक्षा कमी नसलेला भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा. हे सारे चांगल्या एच/टी, म्हणजे रस्त्यासाठीच्या टायरमध्ये मिळते. ए/टी, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचा टायर, हा आपल्याकडे बहुतेकांनी गाडीला घातलेला दागिना आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोंगरवाट

कासारवडवलीकर साहेब, दागिना म्हणून ए/टी घालणारे पुष्कळ आहेत हे मान्य, पण तेवढ्यावरून टायर वाईट ठरत नाही. आपण ज्या रस्त्याने रोज जाता त्याचेच पाहा. मेट्रोच्या कामाचे अडथळे, सेवा रस्त्याला जोडताना उंच-सखल झालेल्या कडा, उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि गायमुखच्या घाटात पावसाळ्यात पडणारे खड्डे, जे पाण्याने भरले की दिसतच नाहीत. अशा ठिकाणी रबराचे तुकडे उडणे आणि कट बसणे हे खरे नुकसान आहे, आणि ए/टीचे मिश्रण त्यालाच तोंड देण्यासाठी बनवलेले असते.

दुसरा मुद्दा खोलीचा. एच/टी टायर नवा असताना त्याची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, ए/टीची बहुधा त्याहून जास्त. पहिल्या पावसाळ्यात एच/टी सरस ठरेल, यावर मी वाद घालणार नाही. तिसऱ्या पावसाळ्याचे काय? तेव्हा आपला एच/टी आजच्यासारखाच तीन मिलिमीटरवर आलेला असेल आणि माझ्या ए/टीत पाणी वाहून नेण्याएवढी खाच शिल्लक असेल. टायर चार-पाच वर्षांसाठी घ्यायचा, तर त्याची परीक्षा नव्या दिवसावरून का करायची?

हिमकणाच्या चिन्हाला आपण निरुपयोगी ठरवलेत, तेही मला पटले नाही. बर्फावर पकड यायला मिश्रण लवचीक लागते आणि चिरा दाट लागतात, आणि या दोन्ही गोष्टी ओल्या डांबरावरही उपयोगी पडतात. योकोहामाच्या जिओलँडर ए/टी जी०१५ वर हे चिन्ह असते. ठाण्यात बर्फ पडत नाही म्हणून ते चिन्ह वाचायचेच नाही, हे थोडे घाईचे झाले.

कासारवडवलीकर

खोलीचा मुद्दा वजनदार आहे. पण खोल खाच आणि नक्षीतले रबराचे मोठे सुटे ठोकळे यांची किंमतही मोजावी लागते. ठोकळे जितके उंच आणि सुटे, तितके ते जोरात ब्रेक लावल्यावर वाकतात, आणि दोन ठोकळ्यांमधली जागा जितकी जास्त, तितके रस्त्याला टेकणारे रबर कमी. पातलीपाड्याच्या उतारावर पुढची रिक्षा अचानक थांबते, तेव्हा मला शेवटच्या दोन मीटरांची काळजी असते, कट बसण्याची नाही. त्यात वजन वाढते, आवाज वाढतो, डिझेल वाढते.

खड्ड्यांबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. खड्ड्यात टायर फुगतो तो बाजूच्या भिंतीतले धागे तुटल्यामुळे, आणि ती भिंत किती मजबूत हे नक्षीवर ठरत नाही. एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचा ए/टी असेल तर आपले म्हणणे खरे. पण या आकारात मिळणारे कित्येक ए/टी साध्या एसयूव्हीच्या बांधणीचे असतात. त्यांची भिंत एच/टीसारखीच, फक्त नक्षी रांगडी.

मार्केटयार्ड_वाशी

दोघांचेही वाचले. माझ्या बोलेरो पिकअप वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारातून ठाणे-कळव्याच्या दुकानांना भाजी पोहोचवतात, त्यामुळे माझा या प्रश्नाकडे पाहण्याचा कोन अगदी वेगळा आहे. आपण नक्षीवर भांडत आहात आणि भाराबद्दल एका वाक्यात बोलून मोकळे झाला आहात. पिकअप म्हणजे मोटारकार नव्हे. आधी भार, मग हवा, मग बाकीचे.

भार-निर्देशांक १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मागच्या दोन टायरांचा हिशेब केला तर एकीकडे १६०० आणि दुसरीकडे २२४० किलो होतात, तेही पुरेशी हवा भरलेली असेल तर. व्यापारी टायरवर १०६/१०४ असे दोन आकडे दिसतात, त्यांतला पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. दुकानदार ‘साइज तीच आहे’ म्हणून कमी निर्देशांकाचा टायर पुढे करतो, आणि ग्राहक नक्षी पाहून खूश होऊन घरी जातो. खताची पोती असलेल्या दिवशी, उन्हात, शिळफाट्याच्या कोंडीतून सुटून वेग घेतल्यावर त्या टायरची भिंत सतत दुमडत राहते, आतून तापते आणि फुटते. त्यात हवा कमी असेल तर विचारूच नका. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळ आमणेपर्यंत आला आहे. तिथे तासन्‌तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावताना ही चूक सगळ्यात लवकर उघडी पडते.

आणि एक गोष्ट तुमच्या दोघांच्याही विरोधात सांगतो. महागडा टायर घेऊन तो पाच वर्षे ओढण्यापेक्षा, योग्य भाराचा मध्यम किमतीचा देशी टायर घेऊन तो तीन मिलिमीटरवर काढून टाकणे अधिक सुरक्षित. धंद्यात हे सगळ्यांना परवडत नाही हे मला ठाऊक आहे. अनेक जण गोटा होईपर्यंत चालवतात आणि वर रबर चढवून घेतात. पण प्रश्न सल्ल्याचा आहे.

ऐरोली_खाडीकाठ

मार्केटयार्ड दादांच्या ‘मग हवा’ या दोन शब्दांना थोडा विस्तार देते, कारण पावसाळ्यात टायर पाण्यावर तरंगण्याचा संबंध हवेशी थेट आहे. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून एक सूत्र निघाले. त्यानुसार तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३५ पौंड दाबाला तो ताशी सुमारे ९८ किलोमीटर येतो आणि दाब २४ पर्यंत उतरला की ८१-८२ वर येतो. हे आकडे खाचा गुळगुळीत झालेल्या, किंवा पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त असलेल्या टायरसाठी आहेत. खाचांमध्ये जीव असेल तर आपल्या हाती याहून जास्त सवलत असते. पाम बीच रस्त्यावर मुसळधार पावसात ऐंशीने जाणाऱ्या गाड्या पाहिल्या की हा हिशेब आठवतो. टायर कोणत्या जातीचा हा प्रश्न मला त्यानंतरचा वाटतो.

खड्ड्यांच्या वादात मात्र तुम्ही दोघांनीही खरा गुन्हेगार सोडून दिला आहे, तो म्हणजे १८ इंची रिम. २५५/६० आर १८ मध्ये भिंतीची उंची १५३ मिलिमीटर भरते. व्ही-क्रॉसला आधी येणाऱ्या २४५/७० आर १६ या आकारात ती १७१ मिलिमीटरच्या पुढे जाते. रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये दोन सेंटिमीटरच्या आसपास जास्तीचे रबर आणि हवा, हे कोणत्याही नक्षीपेक्षा मोठे संरक्षण आहे. तुमच्या मॉडेलला कंपनीने तो आकार मान्य केलेला असेल आणि ब्रेकला आत जागा मिळत असेल, तर १६ इंची रिमचा विचार करा. दिसायला गाडी जरा साधी वाटेल, एवढेच.

उलट दिशेने, २६५/६० आर १८ घालून ‘गाडी उंच दिसते’ म्हणणारे भेटतील. त्याने चाकाचा व्यास दीड टक्क्याहून थोडा जास्त वाढतो. वेगदर्शकात शंभर दिसताना प्रत्यक्षात १०१.५ च्या वर जाल, एवढाच फरक. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे कोणी सांगत नाही.

डोंगरवाट

ताई, भिंतीच्या उंचीचा मुद्दा बिनतोड आहे. पण नवे रिम आणि नवे टायर असा दुहेरी खर्च किती जण करतील?

पनवेल_सायन_रोजचा

सगळ्यांनी चार टायर गृहीत धरले आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. मागचे टायर कमी झिजलेले असतील तर फक्त दोन घ्यावेत आणि ते पुढे बसवावेत. वळवायचे काम पुढची चाके करतात, ब्रेकचा जोरही पुढेच जास्त असतो.

ऐरोली_खाडीकाठ

हा सल्ला रिकाम्या पिकअपला धोकादायक आहे. हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर वजन फार थोडे असते, खाली कमानी पाट्यांचे कडक सस्पेन्शन असते आणि टू-व्हील मोडमध्ये इंजिनाचा सगळा जोर नेमका त्याच चाकांवर जातो. ओल्या वळणावर पुढची पकड गेली तर गाडी सरळ जाते, आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची गेली तर गाडी फिरते, आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. म्हणून दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे. सायन-पनवेल महामार्गाच्या पुलांवरून उतरताना पावसात आपण हे अनुभवले नसेल, तर ते आपले सुदैव.

पनवेल_सायन_रोजचा

फोर-व्हील गाडीत हा मुद्दा तितका लागू होत नाही.

ऐरोली_खाडीकाठ

व्ही-क्रॉसची फोर-व्हील यंत्रणा कायम चालू ठेवण्याची नाही, कोरड्या डांबरावर ती लावायची नसते. रोजच्या घोडबंदरवर ती गाडी मागच्या चाकांचीच आहे.

मार्केटयार्ड_वाशी

खरेदीपुरते एक सांगतो. टायरच्या भिंतीवर कोरलेले चार अंक पाहा. २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला माल. १८ इंची पिकअपचा आकार दुकानात हळू खपतो, त्यामुळे दोन वर्षे पडून असलेला टायर ‘सवलतीत’ मिळण्याची शक्यता याच आकारात जास्त. ‘नवीन माल मागवतो’ म्हणणाऱ्या दुकानदारासाठी आठवडाभर थांबा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर सवलत दाखवणाऱ्याकडे जरा संशयाने पाहायला हरकत नाही. चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातील.

कासारवडवलीकर

चारही टायर एच/टीच घेणार, आकार तोच ठेवणार आणि भार-निर्देशांक मूळ टायरच्या खाली जाऊ देणार नाही. तीन मिलिमीटरवर ते काढायचे, हा मार्केटयार्ड साहेबांचा नियम मी घेतला. त्यामुळे तिसऱ्या पावसाळ्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की तो पावसाळा येण्याआधी पुन्हा नवे टायर येतील. ए/टीच्या जादा किमतीतला आणि डिझेलमधला फरक त्या खात्यात जाईल. १६ इंची रिमबद्दल कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून पाहतो, पण त्यासाठी खरेदी अडवून धरणार नाही.

डोंगरवाट

मी माझ्या मतावर ठाम आहे. शेतापर्यंतचा शेवटचा रस्ता डांबरी आहे की कच्चा, हे आपण अजून सांगितलेले नाही. कच्चा असेल तर ऑगस्टमध्ये आपल्या एच/टीची नक्षी चिखलाने पहिल्या शंभर पावलांत भरेल.

कासारवडवलीकर

शेवटचा तुकडा मुरुमाचा आहे आणि त्यापुढे भाताची खाचरे. त्या खाचरांच्या चिखलात ए/टीही भरूनच जातो, तिथे एम/टी, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरखेरीज काही चालत नाही. भातलावणीच्या दिवसांत गाडी मी मुरुमावरच उभी करतो आणि पोती शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने आत जातात.