दहावीनंतर केसीईटी, एमएचटी-सीईटी की जेईई? सीमाभागातील मुलीसाठी सल्ला हवा

प्रश्न : खानापूर तालुक्यातील एक पालक

माझी मुलगी आमच्या गावातील मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीत शिकत असून, पुढे सायन्स घेऊन इंजिनिअरिंगला जाण्याचा तिचा विचार पक्का आहे. पहिलीपासूनचे तिचे शिक्षण गावातच झाले आहे. पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) बेळगावात करावी की अकरावीलाच कोल्हापूरला पाठवावे, यावर घरात एकमत होत नाही. कोल्हापूरला गेली तर कर्नाटकातील सीईटीचा हक्क जातो, असे तिच्या आत्याचे म्हणणे आहे. केसीईटी (कर्नाटकची), एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची) आणि जेईई (देशपातळीवरची) या तिन्ही इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षांची तयारी एकत्र होऊ शकते का आणि दहावीतच काय उरकून ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : पीयूसीला भौतिकशास्त्र शिकवणारा, बेळगाव

आत्याबाईंची भीती अनाठायी आहे. पहिली ते बारावी या काळात किमान 7 शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळेत शिकलेला आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पात्र ठरतो. त्यामुळे एसएसएलसी (कर्नाटकची दहावीची परीक्षा) इथून झाली की बारावी कोल्हापूरला केली तरी केसीईटीची वाट बंद होत नाही.

तरीही मी बेळगावच सुचवेन. केसीईटीत इंजिनिअरिंगचा रँक काढताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या विषयांतील बारावीचे गुण निम्मे आणि सीईटीचे गुण निम्मे धरतात, तर एमएचटी-सीईटीच्या प्रवेशात बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते पाहिले जातात. क्लासच्या जाहिरातींना भुलून बारावीच्या अभ्यासाकडे पाठ फिरवणारी मुले मी दरवर्षी पाहतो, आणि केसीईटी देणाऱ्यासाठी हा सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे. शिवाय इथल्या पीयूसी सायन्सला एनसीईआरटीची (केंद्रीय संस्थेची) पुस्तके आहेत आणि जेईईचा पायाही तोच आहे. एमएचटी-सीईटी मात्र महाराष्ट्र राज्य मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेली असते. त्यात अकरावीच्या भागाला सुमारे 20 टक्के आणि बारावीला 80 टक्के भार असतो. म्हणून मुख्य अभ्यास एनसीईआरटीचा ठेवावा आणि पीयूसीची परीक्षा आटोपल्यावर बालभारतीची पुस्तके काढून फक्त वेगळी प्रकरणे व उदाहरणे सोडवावीत.

सरावाची पद्धत मात्र एकच ठेवून चालणार नाही. केसीईटीत प्रत्येक विषयाचे 60 प्रश्न 80 मिनिटांत ओएमआर पत्रिकेवर (गोल रंगवण्याच्या उत्तरपत्रिकेवर) सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. एमएचटी-सीईटीतही गुण वजा होत नाहीत, पण ती संगणकावर होते. जेईई मेनमध्ये 75 प्रश्नांना 300 गुण असतात आणि चुकीच्या पर्यायाला 1 गुण कापला जातो. तिथे अंदाजाने उत्तरे ठोकण्याची सवय महागात पडते.

उत्तर : मुलाला महाराष्ट्रात प्रवेश मिळालेला पालक, निपाणी

सरांनी अभ्यासाचे सांगितले, मी कागदपत्रांचे सांगतो. महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातील 865 गावांत राहणारा, तेथील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशप्रक्रियेत ‘ई’ प्रकारात अर्ज करू शकतो. आपले गाव त्या यादीत आहे का, हे आधी पाहून घ्यावे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन्ही दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. साध्या कागदावर मुख्याध्यापकांची सही आणून भागत नाही.

एसएसएलसीच्या अर्जात नाव कसे लिहिले जाते, याकडेही बारीक लक्ष द्यावे. आधारवर आडनाव शेवटी, गुणपत्रिकेवर सुरुवातीला आणि वडिलांच्या नावाऐवजी नुसते आद्याक्षर, अशी तीन रूपे झाली की दोन राज्यांच्या अर्जांत हेलपाटे ठरलेले. निकाल लागण्यापूर्वी हे सारखे करून घेतलेले बरे.

उत्तर : इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

मीही मराठी माध्यमातलीच आहे, म्हणून भाषेबद्दल थोडे लिहिते. जेईई मेनची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेळगाव केंद्र घेतल्यास मराठीचा पर्याय राहत नाही. केसीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजी व कन्नडमध्ये असते आणि एमएचटी-सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. पीयूसी सायन्सही इंग्रजीतूनच शिकायचे असल्याने, तुमच्या मुलीने दहावीच्या विज्ञानाचे इंग्रजी माध्यमाचे पुस्तक मिळवून मराठी पुस्तकाच्या शेजारी ठेवून वाचावे. प्रकाश आणि विद्युत ही प्रकरणे पुढे बारावीला उपयोगी पडतात. पीयूसीच्या पहिल्या वर्षी मला विषय समजत होता, पण प्रश्न वाचायलाच वेळ लागत होता. दहावीनंतरच्या सुट्टीत हे काम निभावते. त्यासाठी महागडा क्रॅश कोर्स लागत नाही.

प्रश्नकर्ते पालक

सर्वांचा आभारी आहे. पीयूसी बेळगावातच करायचे ठरत आले आहे. गावातील शाळेमुळे केसीईटीच्या प्रवेशात ग्रामीण कोट्याचा (ग्रामीण शाळांत शिकलेल्यांच्या राखीव जागांचा) लाभ मिळेल का, आणि मराठी माध्यमाची त्यात अडचण येते का?

बेळगावचे प्राध्यापक

मिळू शकतो. पहिली ते दहावी अशी पूर्ण 10 वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. माध्यमाची अट कन्नड माध्यमाच्या कोट्याला आहे, याला नाही. शाळेचा अभ्यास दाखला मुख्याध्यापकांकडून भरून घ्या आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. प्राथमिक शाळा आणि हायस्कूल वेगळे असेल तर दोन्हीकडचे दाखले लागतील. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला जोडणार असाल तर नाडकचेरीतून (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणाऱ्या दाखल्यावरचा आरडी नंबर केसीईटीच्या अर्जात भरावा लागतो, म्हणून दाखल्यावरचे नाव गुणपत्रिकेशी जुळते का, ते तिथेच खिडकीवर वाचून घ्या.