नवऱ्याकडे परवान्याचं पिस्तूल, पोलीस जमा करून घेत नाहीत

शलाका: पत्नीला पिस्तूल दाखवून धमकावलंय, गोळी झाडलेली नाही. ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार, जिचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करत नाहीत) नोंदवली आणि "घरगुती मामला आहे, त्याच्याकडे लायसन आहे, आम्हाला हात लावता येत नाही" असं सांगितलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करताना पिस्तुलाबद्दल काही मागता येतं का?

रेघोटी: निवडणूक लागली की हीच ठाणी परवानाधारकांची शस्त्रं जमा करून घेतात, तेव्हा लायसन आड येत नाही! पोलिसांची खरी धास्ती वेगळी असते. उद्या नवरा वरिष्ठांकडे गेला तर कशाच्या आधारावर शस्त्र घेतलं म्हणून दाखवायचं? तो आधार तुम्ही द्या.

आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७(३) खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम २२ त्याहून थेट आहे: माणसाकडे शस्त्र राहू देणं धोक्याचं वाटलं तर जिल्हादंडाधिकारी कारणं नोंदवून झडती घ्यायला लावू शकतात आणि शस्त्र ताब्यात ठेवू शकतात, परवाना असला तरीही.

अर्जात "त्रास देतो" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, पिस्तूल कुठून काढलं, नेमके शब्द, समोर कोण होतं, हे सगळं हवं. निव्वळ "गुन्हा दाखल आहे" एवढ्यावर रद्द केलेला परवाना अपिलात टिकत नाही. आवक क्रमांक घ्या आणि एक प्रत ठाण्यात द्या.

तळटीप: कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पिस्तुलाबद्दल मागता येतं, पण बहुतेक अर्जांत ही मागणीच नसते. त्या कायद्याच्या कलम १२ च्या अर्जात आणि कलम २३ च्या अंतरिम अर्जात स्वतंत्र परिच्छेद टाका. त्याच कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १० दाखवा: न्यायालयाने लेखी निर्देश दिले तर संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेला अधिकारी) पोलिसांच्या मदतीने हिंसेत वापरलेलं शस्त्र जप्त करू शकतो.

आणि एनसीवर थांबू नका. क्रूरतेची तक्रार (भारतीय न्याय संहिता, कलम ८५) पीडितेने स्वतः दिली तर गुन्हा दखलपात्र आहे. मग पंचनामा करून जप्ती करायला ठाण्याला कुणाची वाट बघावी लागत नाही.

मुद्देमाल: वरचं सगळं बरोबर, पण घोळ पुढे होतो. नवरा "स्वखुशीने" पिस्तूल जमा करतो, परवाना चालूच राहतो, आणि वातावरण निवळलं की तो ते परत घेऊन जातो. म्हणून निलंबनाचा आदेश हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. एका परवान्यावर दोन शस्त्रं असू शकतात. परवान्याची नोंद बघून दोन्ही शस्त्रांचे क्रमांक आणि काडतुसांची संख्या पंचनाम्यात आली का ते तपासा. भावाकडे ठेवतो म्हणाला तर ऐकू नका. जमा करायची ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे.

परवान्यावर कारवाई करण्याआधीची कारणे दाखवा नोटीस नवऱ्याच्या हातात पडते तो दिवस सगळ्यात धोक्याचा. पत्नी तेव्हा त्याच घरात राहत असेल, तर आधी शस्त्र ताब्यात घ्या आणि मग नोटीस बजावा, असं अर्जातच लिहून मागा.