मदत हवी आहे: अमेरिकेत टॅक्स क्रेडिटच्या घरासाठी अर्ज करताना पुण्यातला फ्लॅट कसा दाखवायचा?

नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या एपेक्समध्ये राहते. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घराच्या अर्जासाठी मदत हवी आहे. त्यांचे कागद मीच बघते आहे, म्हणून मी विचारते.

काकू ६४ वर्षांच्या आहेत, काका गेल्यापासून एकट्याच राहतात. ग्रीन कार्ड आहे, डेकेअरमध्ये तासांवर काम करतात. आमचं गाव फार झपाट्याने वाढलं. २०१० साली वस्ती साडेसदतीस हजारांच्या आसपास होती, २०२० च्या जनगणनेत ५८ हजारांच्या वर गेली. भाडीही चढतच गेली. त्यांचं लीज आता संपतंय आणि नवीन भाडं त्यांना झेपणारं नाही. जवळच ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी टॅक्स क्रेडिटवर बांधलेली इमारत आहे, तिथल्या वेटिंग लिस्टमध्ये त्यांचा नंबर लागलाय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८६ च्या करकायद्यातून आलेली ही योजना आहे. सरकार बिल्डरला रोख पैसे देत नाही, दहा वर्षं करात सूट देतं. ती सूट मिळवण्यासाठी बँकांसारखे गुंतवणूकदार पैसे घालतात आणि त्यातून इमारत उभी राहते. बदल्यात किमान ३० वर्षं भाडं मर्यादेत ठेवायचं आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांनाच घर द्यायचं. मर्यादा बहुतेक ठिकाणी त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्के असते. भाडंही या मर्यादेवरून ठरतं, भाडेकरूच्या पगारावरून नाही. म्हणजे उद्या काकूंचे तास कमी झाले तरी भाडं उतरणार नाही. अर्ज करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

आता खरी अडचण. सिंहगड रोडला काका-काकूंनी दिरांबरोबर घेतलेला एक फ्लॅट आहे. काकांच्या पश्चात तो काकू आणि दीर यांच्या नावावर आहे. तो भाड्याने दिलाय, पण भाडं दिरांच्या खात्यात जमा होतं आणि सासूबाईंच्या औषधपाण्याला व सांभाळणाऱ्या बाईला जातं. काकूंच्या हातात एक रुपया येत नाही. अर्जात मात्र अमेरिकेबाहेरच्या मालमत्तेचाही रकाना आहे. पगाराच्या हिशोबाने त्या मर्यादेत बसतात, पण निम्मं भाडं त्यांचं उत्पन्न धरलं तर अगदी काठावर येतात.

मी वाचलंय त्याप्रमाणे या योजनेत मालमत्तेला कमाल मर्यादा नाही, तिच्यापासून होणारं उत्पन्न तेवढं मोजतात. मग भाडं दुसऱ्याच्या खात्यात जात असेल तर काय करतात? सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा कर वजा करून उरलेली रक्कम दाखवता येते का? कुणी प्रत्यक्ष केलंय का?

दुसरं कागदांचं. त्या इमारतीच्या ऑफिसातल्या बाईंना मी इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि किंमत कुठे लिहिली आहे ते विचारलं. मी मोबदल्याच्या आकड्यावर बोट ठेवलं, पण भोवतीचा सगळा मजकूर मराठीत. आता त्यांना इंग्रजी भाषांतर हवंय आणि फ्लॅटची आजची किंमतही. भाषांतर इथल्या नोटरीसमोर सही करून चालतं, की पुण्यातूनच करून आणावं लागतं? किमतीसाठी सरकारी व्हॅल्युअरचा दाखला लागतो, की रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर पुरतो?

एक विनंती. "इंडियातलं कोण बघतंय, लिहूच नका" असा सल्ला कृपया देऊ नका. खरी माहिती दिल्याची सही काकूंना करायची आहे आणि खोटं लिहायला त्या तयार नाहीत, मीही नाही. दिरांच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, असंही एकाने सुचवलं. पण गेल्या दोन वर्षांत बाजारभावापेक्षा कमीत दिलेली मालमत्ता मोजतातच, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. शिवाय म्हातारपणी हक्काचं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच आहे. ते घालवायला मी त्यांना सांगणार नाही.

घरात आल्यानंतर उत्पन्न थोडं वाढलं म्हणून बाहेर काढत नाहीत, एवढं मला कळलंय. म्हणजे सगळा प्रश्न प्रवेशाच्या वेळच्या हिशोबाचा आहे. अर्ज याच महिनाअखेर द्यायचा आहे. राली, केरी, मॉरिसव्हिल भागात असे कागद तपासून देणारं कुणी माहितीत असेल, किंवा दुसऱ्या राज्यात तुमच्या आईवडिलांसाठी हे केलं असेल, तर तिथे काय मागितलं आणि काय चाललं ते लिहा. भाडं दिरांकडे जातं याचं प्रतिज्ञापत्र पुण्याहून मागवायचं झालं तर त्यात नेमका काय मजकूर हवा, हे आधी कळलं तर फार बरं होईल.