मदत हवी आहे: पुणे-चिंचवडमध्ये काड्यांवर भाजलेलं खानदेशी भरीत कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या नानांची पंचाहत्तरी आहे. हॉल नको, केक नको, फेटे तर नकोच म्हणाले. "भरीत-पुरी कर, कळण्याची भाकरी ठेव आणि आपली माणसं बोलाव," एवढीच त्यांची मागणी. (कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं पीठ.) माणसं तीस-पस्तीस होतील. आम्ही रावेतला राहतो.

आमचं गाव यावल तालुक्यात. आई होती तोवर थंडी सुरू झाली की मळ्यात भरताचा बेत ठरलेला असायचा. आता गावचं घर बंद आहे आणि नानांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यामुळे रात्रभराचा प्रवास त्यांना झेपत नाही. म्हणून जे करायचं ते इथेच करायचंय.

गेल्या दोन महिन्यांत पाच ठिकाणी जाऊन भरीत खाल्लं. नावं लिहीत नाही, कारण कुणाचा धंदा बिघडवायचा नाहीये. पण काय मिळालं ते सांगतो, म्हणजे मी नेमकं काय शोधतोय ते कळेल.

पहिल्या ठिकाणी पाटीवर 'अस्सल खानदेशी' लिहिलेलं. ताटात आलं जांभळ्या वांग्याचं, टोमॅटो आणि लाल तिखट घातलेलं, वर बटरचा गोळा. नानांनी एक घास घेतला, ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे भरीत नई रे भो, भाजी हाये." दुसऱ्या ठिकाणी त्यात मटार होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तिसऱ्या ठिकाणी वांगं बरोबर होतं. आपलं हिरवट-पांढरं, भरताचं. मला फार आनंद झाला. पण भाजलेलं गॅसवर, आणि साल काढताना नळाखाली धरलेलं. हे मी स्वतः पाहिलं, कारण आमचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. धुराचा सगळा वास त्या पाण्याबरोबर मोरीत गेला. वर ते मिक्सरमधून काढलं होतं. मिक्सरमध्ये फिरवलं की भरताची खळ होते, चमच्याला चिकटून राहते. ठेचलेल्या भरताला रेषा असतात, घास तोडताना त्या दिसतात.

चौथं ठिकाण चाकणच्या पुढे, नाशिक रस्त्यावरचा एक ढाबा. तिथे भरीत खरंच चांगलं होतं. मिरची ठेचलेली, पातीचा कांदा भरपूर, कडेला तेल सुटलेलं. पण फक्त शनिवार-रविवारी करतात, आठच्या सुमारास संपतं, आणि बरोबर तंदुरी रोटी. भरताबरोबर तंदुरी रोटी नानांच्या गळ्याखाली उतरत नाही. शिवाय बसायला खाटा, त्यांना मांडी घालता येत नाही.

पाचवं म्हणजे चिंचवडमधल्या एका मावशींची खानावळ. त्या आमच्याच बाजूच्या. भाजणं गॅसवरच, पण ठेचतात हातानं. त्या दिवशी नानांनी चार पुऱ्या खाल्ल्या. आई गेल्यापासून मी त्यांना चार पुऱ्या खाताना पाहिलं नव्हतं. पण मावशी एकट्या आहेत, दहापेक्षा जास्त माणसांचं होणार नाही म्हणाल्या.

तर प्रश्न असा. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड परिसरात, तळेगाव-चाकणपर्यंत चालेल, असं एखादं हॉटेल, खानावळ किंवा घरगुती ऑर्डर घेणारं कुणी आहे का, जे

- वांगी जळगावकडचीच आणतात,
- कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजतात,
- आणि कळण्याची भाकरी किंवा निदान पुरी देतात?

तळमजला असेल आणि बसायला खुर्च्या असतील तर फार बरं. पैशांचं बघून घेऊ. कुणी स्वतः खाल्लेलं असेल तरच सुचवा, ही विनंती. ऐकीव नावांवर आमचे तीन रविवार गेले.

प्रतिसाद

चाकण-भोसरी-मोशी पट्ट्यात आपल्याकडची मंडळी खूप आहेत, तिथल्या लहान खानावळी बघा. थंडीत दाराबाहेर 'आज भरीत' असा फळा लागतो. मोठ्या हॉटेलात नका जाऊ. तिथे एकाच ग्रेव्हीतून सगळ्या भाज्या निघतात.

प्रतिसाद

जळगावला असाल तर कृष्णा भरीत सेंटर आहेच, पण ते तुमच्या उपयोगाचं नाही. सुरतेत असतो मी. इथे उधना-लिंबायत भागात खानदेशी वस्ती मोठी, तरी भरीत हॉटेलात शोधायला कुणी जात नाही. दहा घरं मिळून गावाहून वांग्यांचं पोतं मागवतात आणि मोकळ्या जागेत भाजतात. तुम्हीही तेच करा असं वाटतं.

प्रतिसाद

दादा, तुमचा धागा वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. माझं माहेर भुसावळचं, काका लग्नकार्यात भरताची कामं घ्यायचे, दोनशे-तीनशे पानांचीसुद्धा.

तुम्ही हॉटेल शोधताय तिथेच अडचण आहे. हॉटेलवाल्याला रोज बारा महिने एकसारखा पदार्थ द्यावा लागतो. हे वांगं हिवाळ्यातलं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की आपल्याकडे खरी सुरुवात होते आणि पुढे दोन-अडीच महिने धूम. बाकीच्या दिवसांत तो जांभळं वांगं घेणार, त्याला पाणी जास्त आणि चव कमी, मग ती चव भरून काढायला टोमॅटो-मसाला घालणार. आणि शहरात काड्या कुठून आणणार? कपाशी उपटल्यावर शेतात वाळलेल्या काड्या भरभर पेटतात, मोठा जाळ होतो. त्या जाळात वांगं बाहेरून काळं होईपर्यंत आतून लोण्यासारखं शिजतं. कोळशावर वेळ लागतो आणि वांगं सुकतं. गॅसवर शिजतं, पण वास येत नाही.

तेव्हा वांगी गावाहून मागवा. बामणोद, भालोद, आसोदा, जिथे ओळख असेल तिथून. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या नावाखाली कुठलीही हिरवी वांगी खपवणारे वाढलेत. म्हणून निवडताना ओळखीचा माणूसच पाहिजे. वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड असेल तर आत बिया. देठ हिरवागार आणि ताजा हवा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत पोतं टाकायला सांगा, सकाळी पुण्यात उतरवून घ्या. फ्रीजमध्ये ठेवू नका. शुक्रवारी तोडलेलं रविवारी भाजलं की उत्तम.

पस्तीस माणसांना चौदा-पंधरा किलो पुरे, पुऱ्या आणि भाकरी दोन्ही असतील तर उरेलसुद्धा. किलोला शंभर ग्रॅम हिरवी मिरची हे आमच्या काकांचं माप. तुमच्याकडे लहान मुलं असतील तर निम्मी घाला आणि ठेचा वेगळा ठेवा.

भाजण्याआधी वांग्याला सुरीने चार टोचे मारून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर जाळात फुटतं. सगळ्या बाजूंनी काळं झालं आणि देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की काढायचं. साल गरम असतानाच काढायची. शेजारी वाटीत पाणी ठेवून बोटं ओली करायची, वांगं ओलं करायचं नाही. देठ धरून उभं लोंबतं ठेवलं की जळकं साल वरून खाली कागदासारखं सुटत येतं. थोडं काळं चिकटून राहिलं तर राहू द्या, त्याचीही चव असते.

मिरच्या आणि लसूण थोड्या तेलात परतून आधी बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायच्या, मग त्यावर वांगं. मीठ तिथेच. फोडणीत जिरं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, शेवटी कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला नाही. तेलात हात आखडू नका.

प्रतिसाद

ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय. फक्त सोसायटीत काड्यांचा जाळ करू नका. आमच्याकडे गेल्या वर्षी गच्चीवर केला, धूर वरच्या सगळ्या घरांत गेला, एका आजींना दमा होता, त्यांना फार त्रास झाला. मला अजून वाईट वाटतं त्याचं. गावाबाहेर कुणाचं शेत किंवा शेड बघा.

प्रतिसाद (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद नानांना मोठ्याने वाचून दाखवला. "काळं चिकटून राहिलं तर राहू द्या" इथे थांबवून दोनदा वाचायला लावला.

हॉटेल शोधणं थांबवलंय. मोशीच्या पुढे एका मित्राचा गोठा आणि मोकळं अंगण आहे, तो हो म्हणाला. खुर्च्या-टेबल भाड्याने आणतो. चिंचवडच्या मावशी पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरी करून द्यायला तयार झाल्या. चार किलो ज्वारीला एक किलो सालासकट उडीद असं दळून आणायला सांगितलंय त्यांनी, म्हणजे आईचंच माप.

काल तीन किलोवर करून पाहिलं. चुलतभावाने बामणोदहून वांगी पाठवली आणि त्याच पोत्यात काड्यांची मोळी बांधून टाकली. पहिली दोन वांगी कच्ची राहिली, कारण मी जाळाला घाबरून लवकर काढली. मग नाना खुर्ची ओढून जवळ बसले आणि काठीने दाखवत गेले, हे फिरव, ते राहू दे, आता काढ. ऑपरेशननंतर सलग दीड तास ते एका जागी बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. साल त्यांनीच काढली. बोटं भाजत होती, तरी दुसऱ्याला हात लावू देईनात.

चव आली. धुराचा वास अगदी मळ्यातल्यासारखा होता. पण ठेचायला आमच्याकडे फक्त दगडी खलबत्ता, आणि तो लहान. एका वेळी एक वांगं मावतं, आणि दगडावर ते जास्त मऊ होतं, रेषा राहत नाहीत. नानांचं म्हणणं, लाकडावर ठेचलं तरच नीट होतं. गावच्या घरातली आमची बडगी वाळवीने खाल्ली असं चुलतभाऊ म्हणाला. नवीन लाकडाला वास असतो म्हणून विकत घ्यायची नाही.

तर आता मदत एवढीच हवी आहे. पुणे परिसरात कुणाकडे वापरातली मोठी बडगी आणि मुसळी असेल तर एका दिवसासाठी मिळेल का? मी स्वतः येऊन नेईन आणि सोमवारी परत आणून देईन. आणि बडगी देणाऱ्यांनी सहकुटुंब जेवायला यायचंय, हे नानांचं निमंत्रण समजा.

प्रतिसाद

आमच्याकडे आहे, निगडीला. सासूबाईंची. पाच किलोचं भरीत एका वेळी होतं. दोघांना उचलावी लागते, तेव्हा गाडी आणा. शनिवारी संध्याकाळी सहानंतर या, पत्ता निरोपात कळवते. जेवायला आम्ही चौघं येऊ. आणि परत देण्याआधी साबणाने धुऊ नका, गरम पाण्याने पुसून सावलीत वाळवा, सासूबाई विचारतील.