सरस, डिंक, खळ की सगळीकडे गोंदच?

– तैलचित्रांच्या दुरुस्तीवरचा मजकूर मराठीत आणतोय. ॲढेसिव्ह आलं की मी सरसकट 'गोंद' लिहीत सुटलोय पण वाचताना खटकतंय. आणि कन्सॉलिडेशनला दृढीकरण म्हणू का?

– खटकणारच, कारण गोंद-डिंक म्हटलं की झाडाचा चीक डोळ्यापुढे येतो आणि तैलचित्रांच्या कामात जुन्या काळापासून वापरतात तो सरस, म्हणजे जनावरांची कातडी-हाडं शिजवून काढलेला. सशाच्या कातड्याचा सरस, स्टर्जन माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा सरस असं बिनधास्त लिहा, 'माशाचा डिंक' मात्र नको, ती चूकच होईल. पीठ शिजवून करतात ती खळ. पूर्वी चित्राच्या पाठीला नवं कापड लावायचे तेव्हा या खळीत सरस घालायचे, म्हणजे तिथे दोन्ही शब्द लागतील. मेण आणि राळ अजून वेगळं. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ला १८५१ मध्ये असंच मेण-राळ वापरून कापड लावलं होतं. ते गरम करून लावतात, मग ते कापडात रंगात मुरतं, रंग काळपटू शकतात आणि पुरतं काढता येत नाही, आता सहसा टाळतात ते यामुळेच. चित्रं दुरुस्त करणारे गुस्ताव बर्गर यांनी बनवलेलं बेव्हा ३७१ हे चिकटवण्याचं द्रव्य कृत्रिम आहे, साधारण ६५ अंश सेल्सिअसला चिकटतं, त्याला सरस म्हणू नका, ॲढेसिव्हच राहू द्या.

दृढीकरण मला अजिबात पटत नाही. काम काय असतं बघा, रंगाचा नखाएवढा पोपडा कडेने उचलला गेलाय, बारीक ब्रशने कोमट पातळ सरस भेगेच्या तोंडाशी टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो, मग वर सिलिकॉनचा कागद ठेवून हलक्या गरम पात्याने दाबायचं. याला आपण 'पोपडे बसवणं' म्हणतो ना! चिकटवणं पण नाही, बसवणंच.

– वा, बसवणं घेतो. लायनिंगला, म्हणजे पाठीला नवं कापड लावण्याला, अस्तर चालेल?

– चालेल, पण रंगकामात अस्तर म्हणजे रंगाखालचा पहिला हात, आणि चित्रालाही तसा हात असतोच, घोळ होईल. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे 'पाठीचं अस्तर' लिहा. रिव्हर्सिबलला 'उलटवता येणारं' नको, 'पुन्हा सोडवता येणारं' लिहा, कारण पुढे कधी काढायची वेळ आली तर मूळ रंगाला धक्का न लागता ते सुटलं पाहिजे.