‘सॅलरी कॅप’ला मराठीत काय म्हणावं? पगारमर्यादा, वेतनमर्यादा की आणखी काही?

निळी रेषा: एनएचएलवर, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगवर, मराठीत लेख लिहायचा आहे. विषय आहे चढती सॅलरी कॅप, म्हणजे संघाने खेळाडूंवर करायच्या खर्चाची वाढती मर्यादा. २०२४-२५ मध्ये कॅप ८.८ कोटी डॉलर होती, २०२५-२६ साठी ती ९.५५ कोटी झाली. पुढच्या दोन हंगामांसाठी १०.४ आणि ११.३५ कोटी हे आकडेही लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने जानेवारी २०२५ मध्येच जाहीर केले. ‘पगारमर्यादा’ हा शब्द चालेल का? ‘कॅप हिट’ आणि ‘डेड कॅप’ यांनाही शब्द हवे आहेत.

हिशोबनीस: पगारमर्यादा नको. वाचणाऱ्याला वाटेल, एका खेळाडूला याहून जास्त पगार देता येत नाही. ती मर्यादा वेगळी आहे: एका खेळाडूला संघाच्या कॅपच्या जास्तीत जास्त २० टक्के. कॅप अख्ख्या संघावर असते, म्हणून ‘संघाची वेतनमर्यादा’ असं एकदा स्पष्ट लिहावं आणि पुढे नुसतं ‘कॅप’ म्हणावं. क्रीडापानं वाचणाऱ्याला ते कळतं.

दुसरं म्हणजे ‘मर्यादा’ दोन्ही बाजूंनी आहे. लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा. त्यावरून मधला आकडा ठरतो, त्याच्या १५ टक्के वर कमाल आणि १५ टक्के खाली किमान. २०२५-२६ ची किमान मर्यादा ७.०६ कोटी आहे, २०२६-२७ ला ती ७.६९ कोटी होईल. कॅप वाढली की हात आखडता ठेवणाऱ्या संघांनाही जास्त खर्च करावाच लागतो, हे लेखात आलं पाहिजे. नुसती ‘कमाल’ सांगितली तर अर्धी गोष्ट राहून जाते.

निळी रेषा: मग आयपीएलच्या ‘पर्स’सारखंच म्हणावं का? तो शब्द घराघरात पोचलाय.

हिशोबनीस: नाही. पर्स लिलावात बोली लावायला दिलेली असते. २०२५ च्या आयपीएलला ती १२० कोटी रुपये होती आणि खेळाडू कायम ठेवला की ठरलेली रक्कम तिच्यातून वजा व्हायची. हॉकी इंडिया लीगमध्येही लिलावाचीच पद्धत आहे. एनएचएलमध्ये लिलाव नाही. संघ आणि खेळाडू थेट करार करतात आणि कॅपचा हिशोब हंगामाच्या प्रत्येक दिवशी होतो. उन्हाळ्यात संघ १० टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकतो, पण हंगाम सुरू होताना आत यावंच लागतं.

या रोजच्या हिशोबामुळे शिल्लक साठत जाते. पहिल्या दिवसापासून दहा लाख डॉलर मोकळे ठेवले आणि हंगामाचा चौथा हिस्सा उरलेला असताना खेळाडू आणला, तर वर्षाला सुमारे चाळीस लाखांचा खेळाडू बसतो. पर्समध्ये असं काही होत नाही. ‘कॅप स्पेस’साठी ‘शिल्लक’ हा शब्द म्हणूनच नेमका वाटतो.

डावा विंगर: ‘कॅप हिट’ला ‘पगार’ म्हणू नका, ही सगळ्यात जास्त होणारी गल्लत आहे. कॅपमध्ये धरली जाते ती कराराची वार्षिक सरासरी. खेळाडूच्या हातात एखाद्या वर्षी जास्त पडेल, एखाद्या वर्षी कमी. ‘कॅपमधला भार’ म्हणा.

आणि हा भार टक्क्यांत सांगा. चढत्या कॅपवर लिहायचं तर लेखाचा कणा तोच. कॉनर मॅकडेव्हिडने २०१७ मध्ये एडमंटनशी वर्षाला १.२५ कोटींचा करार केला, तो २०१८-१९ मध्ये लागू झाला तेव्हा कॅप ७.९५ कोटी होती, म्हणजे भार १५.७ टक्के. किरिल काप्रिझोव्हने सप्टेंबर २०२५ मध्ये मिनेसोटाशी आठ वर्षांचा, वर्षाला १.७ कोटींचा करार केला, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा. तो लागू होईल तेव्हा कॅप १०.४ कोटी असेल, म्हणजे १६.३ टक्के. दुसऱ्याच वर्षी तो १५ टक्क्यांवर येईल. डॉलर पाहिले तर काप्रिझोव्ह खूपच महागडा, वाटा पाहिला तर मॅकडेव्हिडचा २०१७ चा करारही जवळपास तेवढाच जड होता. मॅकडेव्हिडने नंतर त्याच १.२५ कोटींवर फक्त दोन वर्षं वाढवून घेतली. तोच आकडा २०२६-२७ मध्ये जेमतेम १२ टक्के होतो. मुदत आखूड ठेवल्याने कॅप आणखी वाढल्यावर त्याला पुन्हा बोलणी करता येतील.

भाषापारखी: ‘डेड कॅप’ला, म्हणजे संघात नसलेल्या खेळाडूपोटी कॅपमध्ये धरल्या जाणाऱ्या रकमेला, ‘मृत कॅप’ कृपया नको. ‘बुडीत’ही नको, बुडीत म्हणजे वसूल न होणारं कर्ज. यासाठी ‘भुर्दंड’ हा आपला नेहमीचा शब्द आहे. वस्तू हाती नाही आणि पैसे मात्र भरायचे. बायआउट म्हणजे पैसे देऊन करार मुदतीआधी संपवणं; ‘बायआउटचा भुर्दंड’ म्हटलं की आणखी समजावून सांगावं लागत नाही.

हिशोबनीस: भुर्दंड उत्तम. मिनेसोटाचं उदाहरण त्यासोबत द्या, कारण तिथे गणित पूर्ण दिसतं. झॅक पॅरिझी आणि रायन सूटर या दोघांना २०१२ मध्ये प्रत्येकी १३ वर्षांचे, ९.८ कोटींचे करार मिळाले. सरासरी भार ७५.४ लाख, पण पगार सुरुवातीला भरघोस आणि शेवटी अगदी कमी ठेवलेला. २०२१ मध्ये संघाने दोघांना बायआउट केलं.

नियम असा: २६ किंवा त्याहून मोठ्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत. प्रत्येकाची चार वर्षं उरली होती आणि उरलेला पगार १ कोटी होता. त्याचे दोन तृतीयांश ६६.७ लाख, आठ वर्षांत वाटले तर वर्षाला ८.३३ लाख. इथपर्यंत स्वस्तच वाटतं. पण मूळ मुदतीत कॅपमधला भार काढायचा तो असा: सरासरी भारातून त्या वर्षीची पगाराची बचत वजा. २०२३-२४ चा पगार १० लाखच होता, म्हणून बचत फक्त १.६७ लाख आणि भार ७३.७ लाख. दोघांचे मिळून १.४७ कोटी, सलग दोन हंगाम. त्याआधीच्या हंगामात १.२७ कोटी. २०२५-२६ पासून ते १६.७ लाखांवर आलं. भुर्दंड उतरला आणि त्याच वर्षी कॅप ७५ लाखांनी चढली, हे दोन्ही जुळून आल्यावर काप्रिझोव्हला एवढा आकडा देणं जमलं.

डावा विंगर: कॅप थांबली की काय होतं तेही हवं. २०१९-२० पासून तीन हंगाम ती ८.१५ कोटींवर अडकली, साथीमुळे उत्पन्न आटलं होतं. वाढ धरून केलेले करार अंगावर आले. जुलै २०२२ मध्ये व्हेगासने मॅक्स पॅचिओरेटीसारखा गोल करणारा खेळाडू कॅरोलिनाला जवळपास फुकट दिला, केवळ ७० लाखांचा भार उतरवायला. २०२५ मध्ये नेमकं उलट झालं: फ्लोरिडाने चषक जिंकून बेनेट, एकब्लाड आणि मार्शंड या तिन्ही प्रमुख खेळाडूंना ठेवून घेतलं.

मात्र चढती कॅप सगळ्यांचीच चढते. सगळ्यांकडे एकदम पैसा आला आणि चांगले खेळाडू आपापल्या संघातच राहिले, की बाजारात माल कमी आणि दर जास्त. मधल्या फळीचा खेळाडू पूर्वीच्या पहिल्या फळीच्या भावाने जातो. माझ्या मते वाढीव कॅप सगळ्यात वाईट वापरली जाते ती इथेच.

भाषापारखी: ‘ऑफर शीट’साठी, म्हणजे दुसऱ्या संघाच्या करार संपलेल्या खेळाडूला दिलेल्या कराराच्या प्रस्तावासाठी, ‘देकारपत्र’ घ्या. देकार हा शब्द सरकारी निविदांमध्ये रुळलेला आहे.

डावा विंगर: छान. उदाहरण ऑगस्ट २०२४ चं: सेंट लुईसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला ४५.८ लाखांचं आणि डिलन हॉलवेला २२.९ लाखांचं देकारपत्र दिलं. तेवढीच रक्कम देऊन खेळाडू राखायला एडमंटनकडे सात दिवस होते, पण कॅपमध्ये जागा नव्हती. दोघेही गेले, बदल्यात ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक प्रक्रियेतली) दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड मिळाली.

निळी रेषा: शेवटचा शब्द, ‘एलटीआयआर’, म्हणजे दीर्घकाळ जखमी खेळाडूंची यादी (लाँग-टर्म इंजर्ड रिझर्व्ह). ‘दुखापत वजावट’ चालेल?

हिशोबनीस: वजावट चुकीचं. जखमी खेळाडूचा भार कॅपमधून वजा होत नाही, त्याच्या जागी माणूस घ्यायला ठरावीक रकमेने वर जायची मुभा मिळते. ‘दीर्घ दुखापतीची मुभा’ म्हणा. अट: किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर. मुभा वापरताना वर सांगितलेली शिल्लक साठत नाही, म्हणून जाणते संघ ती शेवटपर्यंत टाळतात. आणि २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही त्या सामन्यात उतरणाऱ्यांचा भार कॅपच्या आत बसवावा लागतो, हेही लिहा. २०२१ मध्ये टॅम्पा बेचा कुचेरोव्ह अख्खा साखळी हंगाम बाहेर राहून थेट प्लेऑफला उतरला होता, तो मार्ग आता जवळपास बंद आहे.