पॅरामेडिकच्या कोर्सआधी ईएमटी म्हणून काम सक्तीचं हवं का?

रात्रपाळी:
मी चार वर्षं ईएमटी होतो, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर मूलभूत तातडीचे उपचार करणारा. मग पॅरामेडिक झालो, म्हणजे त्याच्या वरची पायरी: ईसीजी वाचणं, शिरेतून औषधं देणं वगैरे. आता माझ्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या गाडीवर शिकाऊ मुलं येतात. त्यातली बरीचजण ईएमटीचं प्रमाणपत्र हातात पडताच, एकही दिवस नोकरी न करता, थेट पॅरामेडिकच्या वर्गात बसलेली असतात. माझं स्पष्ट मत आहे की किमान एक वर्ष गाडीवर काढल्याशिवाय प्रवेशच देऊ नये.

मागे एक शिकाऊ मुलगी होती. ईसीजी अचूक वाचायची, औषधांचे डोस तोंडपाठ. एका घरी गेलो तर पेशंट दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकून बसलेला, दोन शब्दांनंतर थांबत होता. ती मात्र आल्या आल्या ईसीजीच्या वायरी चिकटवायला लागली. या माणसाला श्वास पुरत नाहीये, हे दारातूनच दिसायला हवं होतं. तिने ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण अनेक घरांत शिरल्याशिवाय नजर तयार होत नाही. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवणं, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणं हे आधीच अंगवळणी पडलेलं असलं तर डोकं निर्णयासाठी मोकळं राहतं.

दुसरी पाळी:
पूर्ण सहमत. सीपीआरचंच घ्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं. 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब, डमीवर सगळ्यांना जमतं. खऱ्या माणसाची बरगडी हाताखाली मोडते तेव्हा भल्याभल्यांचे हात आखडतात. तो अनुभव ईएमटी असतानाच येऊन गेलेला बरा.

श्वासमोजणी:
मी असहमत आहे, आणि माझ्याकडे गाडीवरचा दोन वर्षांचा अनुभव आहे.

वर्गात मला शिकवलं होतं की श्वास घड्याळ लावून मोजायचे, निदान 30 सेकंद. पहिल्याच आठवड्यात माझा सीनियर म्हणाला, "कशाला वेळ घालवतेस, 16 लिही." मिनिटाला 16 श्वास म्हणजे सगळं ठीक असल्याचा आकडा. मग मी दोन वर्षं 16 लिहिलं. धाप लागलेल्याला 16, झोपाळलेल्यालाही 16. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वासाचा वेग बदलतो. म्हणजे जो आकडा सगळ्यात लवकर सावध करतो, तोच मी कल्पनेने भरत होते. पॅरामेडिकच्या कोर्समध्ये ही सवय मोडायला मला कित्येक महिने लागले. माझ्या शेजारी बसणारी थेट आलेली मुलगी पहिल्या दिवसापासून मोजत होती.

आता इतिहास बघा. 1967 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. डॉ. पीटर साफार यांनी तिचं प्रशिक्षण आखलं आणि त्यासाठी घेतली ती शहरातली बेरोजगार कृष्णवर्णीय तरुण मंडळी, ज्यांना नोकरीवर घ्यायला कुणी तयार नव्हतं. गाडीवरचा पूर्वानुभव नव्हता, अनेकांचं शाळेचं शिक्षणही अर्धवट होतं. त्या काळात इतरत्र पोलिसांच्या किंवा अंत्यसंस्कारवाल्यांच्या गाडीतून पेशंटला नुसतं उचलून नेत. ही माणसं जागेवर उपचार करत होती. तुमची एक वर्षाची अट असती तर ती दारातच अडली असती.

रात्रपाळी:
फ्रीडम हाउसबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्या माणसांच्या मागे साफार यांच्यासारखा डॉक्टर उभा होता. आजच्या किती वर्गांत तसं कुणी असतं? शिवाय 2004 साली कॅनडातल्या ऑन्टारियोचा ओपल्स अभ्यास आला. जिथे झटपट डिफिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देण्याची, सोय आधीच होती, तिथे श्वासनलिकेत नळी घालणं आणि शिरेतून औषधं यांची भर टाकूनही हृदय बंद पडलेल्यांचं जगण्याचं प्रमाण वाढलं नाही. जीव वाचतो तो मूलभूत कामातून, आणि ते काम ईएमटी रोज करतो. म्हणून आधी तिथे हात पक्का करा एवढंच म्हणतोय.

श्वासमोजणी:
ओपल्सवरून मूलभूत काम महत्त्वाचं ठरतं, ते मान्यच आहे. पण ते नोकरीतच नीट शिकता येतं, हे त्यातून कुठे निघतं? चांगला मार्गदर्शक हवा हे तुम्हीच आत्ता म्हणालात. मग अट मार्गदर्शकाची घाला, वर्षाची कशाला? ईएमटीच्या पगारात घर चालवत वर्ष काढणं कठीण असतं. चांगली मुलं त्या वर्षातच दुसरीकडे निघून जातात.

वर्गातून:
मी दोन्ही प्रकारच्या मुलांना शिकवतो. एक मुद्दा कुणीच काढला नाही. "एक वर्ष गाडीवर" म्हणजे कुठल्या गाडीवर? माझ्याकडे एकजण दीड वर्षाचा अनुभव घेऊन आला होता. तो डायलिसिसच्या पेशंटना घरून केंद्रात आणि केंद्रातून घरी सोडत होता. प्रेमाने, मन लावून करायचा ते काम. पण झटका आलेला पेशंट त्याने एकदाही पाहिला नव्हता, तुटलेलं हाड एकदाही बांधलं नव्हतं. त्याच वर्गात तीन महिन्यांची नोकरी झालेली मुलगी त्याच्या कितीतरी पुढे होती, कारण तिच्या गाडीला रात्रभर उसंत नसायची.

महिने मोजण्यात अर्थ नाही. पेशंट मोजा. श्वासाची तक्रार असलेले किती तपासले, बेशुद्ध किती, लहान मुलं किती. आणि प्रत्येकाची नोंद कुणीतरी शेजारी बसून वाचलेली असली पाहिजे. एकदा दारूच्या नशेत आहे असं समजून एकाला नुसतं कुशीवर झोपवलं होतं. नोंद वाचताना मी विचारलं, रक्तातली साखर किती होती? ती फार उतरली तरी माणूस नशेत असल्यासारखा दिसतो. तपासलीच नव्हती. तो माणूस वाचला. ती नोंद लिहिणारा मुलगा आता बेशुद्ध पेशंटची साखर न चुकता बघतो.

रात्रपाळी:
डायलिसिसच्या गाडीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमच्याकडे सगळ्या गाड्या तातडीच्याच आहेत, म्हणून मी वर्षाची भाषा केली. वर्षाऐवजी तपासलेल्या पेशंटची संख्या धरा, माझी हरकत नाही. पण शून्य चालणार नाही, यावर मी ठाम आहे. ती ईसीजी लावणारी मुलगी तिथे एकटीच पॅरामेडिक असती तर त्या माणसाचं काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

श्वासमोजणी:
शून्य नको, हे मलाही पटतं. फक्त ते पेशंट कुणाच्या हाताखाली तपासले, हेही अटीत लिहा. 16 लिहायला सांगणाऱ्याच्या हाताखालचे शंभर पेशंट धरू नका.